ढगानं ऐरण मांडली

मिस्त्री आभाळाकडे बघताना एक डोळा मिटत. सळई सरळ आहे की नाही हे लोहार डोळ्यासमोर धरून बघतो ना, तसे. त्यांना ढगातला बाक दिसायचा. मला ढगात ढगच दिसायचा, आणि शाळेत विज्ञान मी शिकवीत होतो.

गाव कळंबच्या पलीकडचं. साल सत्तावन-अठ्ठावन असेल. आमचा जिल्हा जागचा न हलता नुकताच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता, आणि मी नवीकोरी बी.एस्सी. घेऊन तिथे तात्पुरता मास्तर म्हणून लागलो होतो. कायम व्हायचं तर इन्स्पेक्टरसाहेबांचा चांगला शेरा हवा. शाळेच्या घंटेचा लोलक तुटला म्हणून मिस्त्रींच्या लोहारभट्टीवर गेलो, आणि लोलक तयार होईस्तोवर ज्ञान पाजळलं : उष्ण हवा वर जाते व ढग बनतात.

"जाते, थे खरं," मिस्त्री म्हणाले. "पण जाऊन थांबते कुठं?"

पुस्तकात हा प्रश्न नव्हता. मिस्त्रींनी कोपऱ्यातला चिमूटभर कापूस पिंजून भट्टीवर सोडला. तो गरगरत वर गेला, छपराच्या टिनाला लागला आणि टिनाखाली चपटा पसरला.

"हे आपलं वावर," त्यांनी निखाऱ्यांकडे चिमटा केला. "चैत्रात काळी माती अशीच तापते. ओली हवा वर फेकते. ढग चढते, चढते, अन् वर टीन लागलं का पसरते. वरतून सपाट, एका अंगानं टोक निंघालेलं. काय दिसते मंग?"

त्यांनी घणानं समोरच दाखवलं. ऐरण!

"ढगानं ऐरण मांडली का समजाचं, आता घण पडन."

"पण मिस्त्री, आभाळाला टीन ठोकलं कोणी?"

"थे तुमी पुस्तकात पाहा. मी शाळेत नाही गेलो."

त्यानंतर मी रोज शाळेआधी भट्टीवर जाऊन बसू लागलो. भात्याची दोरी माझ्या हातात देऊन मिस्त्री शिकवायचे. पाऊस पडायच्या आधी एकदम गार झोत येतो तो का? "ढगही भाताच हाये. आधी हवा वढते, मंग सोडते. सोडते थे वरतून थंडी होऊन येते." भात्याला हात लावून ते दिवसाचा अंदाज घेत. चामडं कडक असलं तर वारा कोरडा, अमरावतीकडचा. चामडं नरम पडलं आणि भाता दम्याच्या म्हाताऱ्यासारखा सुसवायला लागला, की खालून पांढरकवड्याकडची ओल आली. खाली ओलं, वर कोरडं, मधे तापलेली माती. "मंग कोणाच्या बापाले आयकत नाही थे."

वावटळ तर त्यांनी अशी समजावली की अजून माझे तळवे हुळहुळतात. सळई माझ्या दोन्ही तळव्यांत आडवी धरवली. वरचा हात जोरात पुढे, खालचा हळू. सळई आडवीच गरगरली. "वरचा वारा पयते, खालचा मातीत अडकते. मधली हवा अशी लाटण्यावानी फिरते. अन् ढगानं वढली का..." फिरती सळई त्यांनी तशीच उभी केली. "आडवं फिरत होतं थे उभं झालं. लहानपणी म्या एक डाव ढगाची सोंड पाह्यली. गोठ्याचं छप्पर उचलून नेलं तिनं. बैल जागच्या जागी, छप्पर पार नाल्यापल्याड."

इन्स्पेक्टरसाहेब आले तेव्हा मी 'वादळ कसे होते' हाच पाठ घेतला. मिस्त्रींनीच सुचवलं होतं. शेगडी आणि कापूस घेऊन ते स्वतः येणार होते. आलेही, धुतलेलं धोतर नेसून. पण साहेब खुर्चीत बसलेले पाहून माझी बी.एस्सी. एकदम जागी झाली. "मिस्त्री, तुम्ही मागे बसा, गरज लागली तर बोलावतो," म्हटलं. गरज कसली लागते! शेगडीवर कापूस मी सोडला. ऐरण मी काढली. सळईऐवजी खडू घेऊन मी तो तळव्यांत फिरवला आणि उभा केला. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

"वा! हे कुठून शिकलात, मास्तर?"

मागच्या बाकावर मिस्त्री ताठ झाले. मला ते दिसलं. दिसूनही मी म्हणालो, "इंग्रजी पुस्तकातून, साहेब."

दुसऱ्या दिवशी भट्टीवर बिचकतच गेलो. पण मिस्त्रींनी नेहमीसारखी दोरी माझ्या हातात दिली, डोळा मिटून वर पाहिलं आणि म्हणाले, "आज कोरडं." मी सुटलो. माणूस मोठ्या मनाचा, असं स्वतःला सांगितलं. गावात मी 'वावधनवाले मास्तर', म्हणजे वादळवाले मास्तर, झालो होतो. आज कापूस झाकायचा का, लोक मला विचारत. मी सकाळी मिस्त्रींना विचारलेलं असे. वर्षभर असं चाललं आणि एकदाही चुकलं नाही.

पुढच्या एप्रिलात साहेब पुन्हा आले, माझा कायमचा शेरा लिहायला. मैदानात मांडव टाकला होता. हेडमास्तर म्हणाले, "आभाळ कुंद वाटते हो, कार्यक्रम आतच घेऊ." मी हसलो. सकाळीच विचारलं होतं ना! मिस्त्रींनी डोळा मिटला होता, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाले होते, "आज काही नाही. खुशाल मांडव टाका." दोरी माझ्याच हातात होती. चामडं चिंधीसारखं नरम पडलं होतं, भाता सुसवत होता, आणि मी मात्र भाषणाचं पहिलं वाक्य पाठ करत होतो.

चार वाजता मी बोलायला उभा राहिलो. गार झोत आला, आणि समोरची मुलं का पळाली हे लक्षात यायच्या आत मांडव एकदा फुगला आणि दोऱ्यांसकट उठला. साहेबांची टोपी गेली, माझं भाषण गेलं, मग गारा. मैदानात आम्ही तिघंच : साहेब, हेडमास्तर आणि मी. अख्खी शाळा व्हरांड्यात कोरडी उभी होती. वर पश्चिमेला भली थोरली ऐरण. आंधळ्यालाही दिसली असती.

"तुम्ही आधीच कसे आत गेलात रे?" मी निथळत ओरडलो.

"मिस्त्रीनं सकाळीच सांगतलं होतं, मास्तर," पोरं एका सुरात म्हणाली. "गार वारा आला का आत पया. अन् तुमाले सांगू नका म्हणे."

तसाच ओला मी भट्टीवर गेलो. मिस्त्री वखराचं पातं, म्हणजे पास, शेकत होते.

"तुम्ही मला फसवलंत, मिस्त्री! माझी नोकरी..."

त्यांनी पास उलटी केली. वर पाहिलं नाही.

"काहून मास्तर? आजचं पुस्तकात नव्हतं काय?"

शेरा काय मिळाला ते सांगत नाही. माझी बदली मारेगावला झाली आणि कायम व्हायला पुढची तीन वर्षं गेली. ती तीन वर्षं मी मिस्त्रींना भरपूर शिव्या दिल्या. नंतर वर्गात ऐरण काढताना त्यांचं नाव सांगायला लागलो. पोरं ते वहीत लिहून घेत. पण ज्यानं ऐकायला हवं, तो मागच्या बाकावर नसायचा.

म्हणून एका मे महिन्यात मुद्दाम गेलो. भट्टी पोराच्या हाती होती. मिस्त्री ओसरीवर बसलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अंगणभर पापड, कुरड्या वाळत घातलेल्या. मी पाया पडलो, नाव सांगितलं. "बसा," म्हणाले. वाटेत घोकून ठेवलेलं सगळं त्यांना सांगितलं. आता मुलांना नाव सांगतो, हेही. ते 'हूं' म्हणाले. मग त्यांनी भिंतीला हात लावला.

"ओल हाये हवेत. पाहा बरं वरतं, काय दिसते."

मी एक डोळा मिटला. कळंबच्या अंगाला ढग चढला होता, माथा सपाट, टोक आमच्याकडे.

"ऐरण मांडली, मिस्त्री," मी म्हणालो.

मिस्त्रींनी मान हलवली. मग घराच्या दाराकडे तोंड करून सुनेला हाक मारली.

"सखू! बाहीर ये वं. वरतं पाहून सांग, मास्तर खरं बोलून राह्यले काय."

सखू पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं एक डोळा मिटून वर पाहिलं.

"हो मामाजी, ऐरणच हाये."

"मंग उचल पापड," मिस्त्री म्हणाले.