बोगदा सोडून घाट

डॉक्टर म्हणाले होते, डोळे हळूहळू जातील. आधी अंधारातलं दिसेनासं होईल, मग कडेचं. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता येईना. मी हे फक्त नवऱ्याला सांगितलं आणि बजावलं, माझ्या सायकलवाल्यांच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. जपानी माणसं भारी काळजीवाहू. कळलं तर गोड बोलून मला घरी बसवतील, याबद्दल मला शंकाच नव्हती. तसं प्रयोगशाळेतलं काम, मुलाची शाळा, टोकियोत निशी-कसाईतला दोन खोल्यांचा संसार, सगळं ठीक चाललं होतं. पण आठवडाभर जीव तग धरायचा तो सायकलच्या रविवारावर. तो रविवार मला गमवायचा नव्हता.

आम्ही आठ-नऊ जण. सायकलची चाकं काढून सगळं पिशवीत कोंबायचं, सकाळच्या ट्रेननं चिबाच्या किनाऱ्यावर जायचं, स्टेशनबाहेर सायकल पुन्हा जोडायची आणि संध्याकाळपर्यंत समुद्राकाठानं पायडल मारत राहायचं. आमचे म्होरके सत्तरीचे, शाळेतून निवृत्त झालेले, मितभाषी. त्यांची बायको नेहमी रांगेत शेवटी, माझ्या मागे. सगळ्यांत हळू मी, आणि सगळ्यांत बडबडीही मीच.

पहिल्याच वर्षी एका बोगद्यात माझी फजिती झाली. लख्ख उन्हातून आत शिरले आणि डोळ्यांपुढे एकदम काळंकुट्ट. मागून ट्रक घरघरत आला. भिंतीवर कोपर खरचटत, देवाचं नाव घेत कशीबशी बाहेर पडले आणि "चेन अडकली होती" असं ठोकून दिलं. म्होरक्यांच्या बायकोनं कोपराला पट्टी लावली, "हो का" म्हणाल्या, आणि विषय संपला.

२०११च्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं असेल. किनाऱ्यावर खांबाखांबावर नव्या पाट्या लागल्या होत्या: ही जागा समुद्रापासून इतकी उंच, पळायचं तर या बाजूला. त्याच सुमारास म्होरक्यांना उंचावरून जायचं वेड लागलं. खालचा सपाट रस्ता सोडून गवत माजलेल्या जुन्या घाटानं न्यायचे. विचारलं तर म्हणायचे, "उंचावरून गेलेलं बरं." मी समजले, माणूस त्सुनामीला घाबरलाय. बिचारा, म्हणून सुरुवातीला गप्प बसले. पण अहो, किती चढायचं! एक डोंगर संपला की दुसरा हजर. पायांचे तुकडे पडायची वेळ यायची. चढताना मी त्या म्हाताऱ्याला मराठीतून काय काय म्हटलंय, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मागून त्या बाई कौतुकानं विचारायच्या, "गाणं म्हणताय का?" मी म्हणायचे, "हो, आमच्याकडचं."

असं दोन वर्षं चाललं. मग एका रविवारी, नोव्हेंबरात, घाटमाथ्यावरच्या देवळापाशी आम्ही दम खात बसलो होतो. खाली समुद्र, आणि त्याच्या कडेनं जाणारा तो गुळगुळीत रस्ता. म्होरके गुडघ्यावर औषधाचा स्प्रे मारत होते. ते बघून माझं डोकंच सरकलं.

"दर रविवारी काही त्सुनामी येत नाही," मी म्हणाले. "तुम्ही किती दिवस घाबरणार? स्वतःच्या गुडघ्यांचा तरी विचार करा. आज आपण खालून जाऊ या."

म्होरक्यांनी बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. शेवटी त्यांची बायको हळूच म्हणाली, "खाली बोगदे आहेत ना."

बस, एवढंच. माझ्या टाळक्यात शिरायला एक क्षण लागला. दोन वर्षं ही माणसं माझ्यासाठी डोंगर चढत होती. मला कमीपणा वाटू नये म्हणून तो सत्तरीचा माणूस भित्रा म्हणवून घ्यायला तयार होता. आणि मी? शिव्या घालत होते! असली माणसं मला कुठल्या पुण्याईनं भेटली, देव जाणे. आजही आठवण झाली की आपोआप हात जोडले जातात.

मग मी सगळं सांगून टाकलं, रडत, मोडक्यातोडक्या जपानीत. डॉक्टर काय म्हणाले, काय दिसतं, काय दिसत नाही. "आता मी येणार नाही," म्हटलं. "तुम्हाला उगाच त्रास, आणि रस्त्यावर सगळ्यांनाच धोका."

म्होरक्यांनी विचारलं, "संध्याकाळी कधीपर्यंत नीट दिसतं?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. नवरासुद्धा विचारायला बिचकायचा. मी म्हणाले, "ऊन कललं की पुसट व्हायला लागतं. पण उन्हात अजून छान दिसतं."

"मग पुढच्या वेळेपासून पहिली ट्रेन," ते सगळ्यांना म्हणाले. "दुपारी परत फिरायचं." आमच्यातल्या एका झोपाळू गृहस्थांनी कपाळाला हात लावला आणि सगळे हसले. नको मात्र कुणीच म्हणालं नाही.

घाट उतरायला लागलो. आमच्यात इशारे हातानं द्यायची पद्धत होती. पुढच्याला खड्डा दिसला की त्यानं हात खाली दाखवायचा, त्याच्या मागच्यानं तसाच दाखवायचा, असं शेवटपर्यंत. खाली, कडेला दाखवलेले ते हात मला कधीपासून धड दिसत नव्हते. आणि पहिल्याच वळणावर म्होरके ओरडले, "खड्डा!" मग त्यांच्या मागचे ओरडले, मग त्यांच्या मागचे. मी लपवत होते तोवर त्यांना ओरडताही येत नव्हतं. ट्रेनमध्ये फोन वाजला तरी ओशाळणारी ही माणसं, आता बेंबीच्या देठापासून ओरडत घाट उतरत होती. खड्डा! वाळू! समोरून गाडी! माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हँडलवरचा हात काढायची सोय नव्हती. मागून त्या बाईंचा आवाज आला, "ऐकू येतंय ना?"

"येतंय!" मी ओरडले. "सगळं ऐकू येतंय!"