जांभळ्या जुडीची पैज

अंबूबाईंना हसू आलं की त्यांना काहीतरी धरावं लागतं. जवळ असेल ते. दाराची चौकट, पाण्याची बादली, एकदा तर विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाची पिशवी. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. इतक्या वर्षांत त्यांनी ती भिंत धरली ती बहुतेक हसतानाच. इथं कानडी मुलखात आमचं मराठी मंडळ आहे, त्याच्या अंकासाठी आपल्यातल्या कोणावर तरी लिहा, असं मला सांगण्यात आलं तेव्हा दुसरं नाव सुचलं नाही. मला लिहायची सवय नाही. जमलं नसेल तर तो माझा दोष, अंबूबाईंचा नाही.

त्या मूळच्या देवनहळ्ळीच्या. किल्ल्याजवळ वडिलांचं कापडाचं दुकान होतं. लग्न होऊन चामराजपेटेत आल्या त्या श्रीधररावांच्या घरी. श्रीधररावांचं चिक्कपेटेत अस्तर-बटणांचं दुकान, पण जीव सगळा डेलियात. लालबागेतल्या प्रदर्शनात त्यांच्या डेलियांकडे बघत माणसं उभी राहायची. त्यांची रीत अशी की रोपाला बाजूनं येतील तेवढे फुटवे नखानं खुडून टाकायचे आणि सगळी ताकद मधल्या एका कळीला द्यायची. मग फूल ताटाएवढं येतं. खुडायचं काम अंबूबाईंचं. नव्या सुनेनं स्वयंपाकाआधी खुडायला शिकावं असं घर दुसरं नसेल, असं त्या सांगतात.

श्रीधरराव गेले, आणि त्या वाफ्यात पुन्हा डेलिया लावायला अंबूबाईंचा हात धजला नाही. काही दिवस तो तसाच पडून होता. मग त्यांनी थोडी मेथी पेरली, मग वांगी, मग अवरेकाईचा, म्हणजे पावट्याचा वेल. बघता बघता तिथं अशी भाजी झाली की मंडईत जायचं त्यांना कारणच उरलं नाही. हा वाफा त्यांच्या घराच्या आणि माझ्या भिंतीच्या मध्ये, फाटकापासून मागच्या नळापर्यंत. लांबी-रुंदीला नेमका एका मारुती गाडीएवढा. गाडी येईपर्यंत हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गाडी सत्त्याण्णव साली आली. अंबूबाईंचा मुलगा किरणकुमार बँकेत आहे. त्यानं पांढरी मारुती घेतली, चाकांखाली लिंबं चिरडली, देवळात पूजा केली आणि मग गाडी ठेवायची कुठे म्हणून रस्त्यावर उभा राहिला. आमचा रस्ता किती अरुंद ते इथल्यांना सांगायला नको. रोज संध्याकाळी तो दोन गल्ल्या पलीकडे कोणाच्या तरी दारात गाडी लावायचा आणि रोज सकाळी त्यांची बोलणी खाऊन ती काढायचा. शेवटी त्यानं आईला सांगितलं की वाफ्यावर सिमेंट घालू, भाजी काय बाजारात मिळते. अंबूबाई म्हणाल्या, गाड्याही बाजारात मिळतात, तिथंच ठेव. त्यावरून घरात आठवडाभर सगळ्यांचं बोलणं मेघाश्रीमार्फत चाललं. मेघाश्री म्हणजे किरणची बायको. ती दोन्ही बाजूंचे निरोप इमानानं पोचवायची आणि मधल्या वेळात भिंतीपाशी येऊन हसून घ्यायची.

तेवढ्यात वरच्या खोलीतला भाडेकरू नंदू इंग्लंडहून आला. हा पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. कंपनीनं त्याला सहा महिने तिकडे पाठवलं होतं. सगळे सेंट आणि चॉकलेटं आणतात. यानं अंबूबाईंना बियांचं पाकीट आणलं. पाकिटावर चित्र होतं. गर्द जांभळा, दाट, भलामोठा गुच्छ, बाजूनं थोडी हिरवी पानं. नंदूनं सांगितलं, ही पर्पल स्प्राउटिंग ब्रोकोली, तिकडे हिवाळ्यात मिळायची, मस्त लागते काकू. झाड कसं असतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं फक्त दुकानातली भाजी पाहिली होती.

अंबूबाईंनी ते चित्र बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, हा तर खायचा डेलिया.

किरण पायऱ्यांवर बूट काढत होता. तो म्हणाला, हे बर्फाच्या देशातलं, इथं काय यायचं. शब्दाला शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, "आई, संक्रांतीपर्यंत हे चित्रातलं तुझ्या मातीत आलं तर मी वाफ्याचं नाव काढणार नाही. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी गवंडी येईल."

"सरी, ठरलं," अंबूबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या. "अण्णा, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार."

मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो, पण पेपर उलटा होता असं मेघाश्री अजून सगळ्यांना सांगते.

गौरीचा सण झाला आणि त्यांनी बी पेरलं. नारळाच्या करवंट्यांत आधी, मग वाफ्यात. पाकीट एका काडीला टोचून वाफ्याच्या टोकाला उभं केलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली, म्हणजे रोपांना आपण काय व्हायचं आहे ते दिसत राहील. रोपांशी त्या कानडीत बोलायच्या. आमच्याशी मराठी आणि त्यांच्याशी कानडी का, असं मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, माती इथली आहे अण्णा, तिला मराठी कुठून समजणार.

माती समजूतदार निघाली. दिवाळी होईतो झाडं कमरेला लागली. निळसर, जाड, हत्तीच्या कानासारखी पानं. मावा पडला तेव्हा अंबूबाईंनी बंबातली राख अशी उधळली की आम्ही दोन्ही घरचे पांढरेफटक झालो. पण जांभळं काही दिसेना. किरण रोज बँकेतून आला की वाफ्यापाशी थांबायचा आणि हातानं अंतर मोजल्यासारखं करायचा, पुढची चाकं इथं, मागची तिथं. आई दिसली की शीळ घालत आत जायचा.

अंबूबाईंची झोप कमी झाली. हे मला कळायचं, कारण पहाटेच त्यांच्या बांगड्या वाफ्यात वाजायच्या. त्यांनी नंदूला गाठून विचारलं, अजून काय पाहिजे याला? नंदू म्हणाला, काकू, थंडी. तिकडे यांच्यावर बर्फ पडतो.

झालं. दुसऱ्या दिवशी अंबूबाईंनी सोडा फॅक्टरीतून बर्फाची लादी मागवली. भुशात गुंडाळलेली ती लादी रिक्षातून आली. रिक्षावाला आणि मी, दोघांनी ती उचलून आत नेली. फोडून, गोणपाटाच्या तुकड्यांत बांधून झाडांच्या बुंध्याशी मांडायला आम्हाला तासभर लागला. आमच्या पेटेत घरी बर्फाची लादी येते ती एकाच कारणासाठी, हे आम्हा दोघांच्या डोक्यातच आलं नाही.

प्रथम समोरची यल्लव्वा पदर तोंडाशी धरून आली. मागोमाग फुलवाला हार घेऊन. मग कोपऱ्यावरचे तिघे-चौघे, चपला फाटकाबाहेर काढून, माना खाली घालून. अंबूबाईंनी दार उघडलं तेव्हा यल्लव्वानं त्यांना मिठी मारली, रडायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून कानडीत विचारलं, पण गेलं कोण? सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण वयानं माझाच नंबर होता. मी बर्फानं भिजलेला, काकडत उभा होतो. खरं सांगायचं तर मला जिवंत पाहून एक-दोघांचा हिरमोड झालेला दिसला. अंबूबाईंनी यल्लव्वाचाच खांदा धरला आणि हसत हसत दोघी पायरीवर बसल्या. सगळ्यांना कॉफी द्यावी लागली. हार वाया जाऊ नये म्हणून फुलवाल्यानं तो मधल्या झाडाला घातला.

बर्फानं म्हणा, हारानं म्हणा, त्यानंतर मधल्या शेंड्यात जांभळं दिसलं. लिंबाएवढा गड्डा. किरणचा चेहरा उतरला. पण अंबूबाई स्वतःच म्हणाल्या, हे नव्हे, चित्रातलं केवढं आहे बघ, लबाडीनं मला जिंकायचं नाही. बाजूनंही प्रत्येक पानाच्या बगलेतून जांभळट कोंब येऊ लागले होते. ते पाहून त्या खूश झाल्या. हे काम त्यांच्या हाताला ठाऊक होतं. श्रीधररावांच्या पद्धतीनं त्यांनी सगळे फुटवे खुडायला घेतले, म्हणजे मधला गड्डा फुगेल. जितके खुडावेत तितके आणखी यायचे. खुडलेलं टाकणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून ती ‘पिल्लं’ रोज स्वयंपाकघरात जायची. कढईत पडली की जांभळा रंग पळून जाई आणि गर्द हिरवी दिसत. कधी नारळ घालून कोरडी भाजी, कधी अवरेकाईचे दाणे घालून हुळी, म्हणजे आमच्याकडची चिंच घातलेली आमटी. भिंतीवरून माझ्याकडे वाटी यायची, वर नंदूकडे डबा जायचा. इतकी कोवळी भाजी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. किरण तर ताटावर बसताच विचारायचा, आज ती हिरवी भाजी आहे ना?

मधला गड्डा मात्र लिंबाचा मोसंबी होईना. संक्रांत आली. घरोघर तीळ-गूळ-खोबऱ्याची ताटं फिरत होती. अंबूबाई सकाळी वाफ्यात गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. गड्डा उमलला होता आणि त्यातून मोहरीसारखी पिवळी फुलं आली होती.

किरण मागून आला. त्यानं थट्टा केली नाही. आई, हे पिवळं आहे, एवढंच हळू म्हणाला. त्या म्हणाल्या, दिसतंय मला. दिवसभर त्यांनी सगळ्यांना तिळगूळ दिला, पण कशालाही धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवाप्पा गवंडी हातगाडीवर वाळू घेऊन आला. अंबूबाईंनी त्याला थोडं थांबायला सांगितलं. वाफा जाणारच तर भाजी कशाला मातीत घालायची. त्यांनी सगळ्या झाडांचे फुटवे शेवटचे खुडले, ओंजळीच्या ओंजळी, आणि कट्ट्यावर बसून केळीच्या सोपटानं जुड्या बांधायला लागल्या. एक मला, एक नंदूला, एक मेघाश्रीच्या माहेरी. रोज कढईत जायचं ते आज पहिल्यांदा जुडीत बांधलं जात होतं.

पहिली जुडी बांधून त्यांनी ती हातात धरली, कोंबांचे शेंडे सारखे केले. आणि त्यांचा हात तसाच थांबला. समोर काडीवर पाकीट होतं. त्या पाकिटाकडे बघत होत्या, मग जुडीकडे, मग पुन्हा पाकिटाकडे. उठून गेल्या आणि जुडी चित्राशेजारी धरली.

मी भिंतीपलीकडून बघत होतो. चित्रातला तो भलामोठा गुच्छ हा एक गड्डा नव्हताच. ती जुडी होती. असल्याच कोंबांची, अशीच बांधलेली.

नंदू ऑफिसची बॅग घेऊन खाली उतरत होता. अंबूबाईंनी जुडी त्याच्यापुढे केली. "अरे, हीच की," तो म्हणाला. "सेम अशीच मिळायची. काकू, कुठून आणलीत?"

अंबूबाई अजून हसल्या नव्हत्या. त्यांनी किरणला हाक मारली. तो टॉवेल खांद्यावर टाकून आला, बघितलं, समजायला त्याला थोडा वेळ लागला. मग म्हणाला, पण आई, संक्रांत काल झाली, पैज तर संक्रांतीपर्यंतच होती.

"किरण," त्या म्हणाल्या, "महिनाभर तू पैज हुळीत कालवून खातोयस."

"आणि दोनदा मागून घेता," मेघाश्री दारातून म्हणाली.

मग ते सुरू झालं. अंबूबाईंनी आधी पाकिटाची काडी धरली, ती मोडली, मग नंदूची बॅग धरली. किरणनं तोंड गंभीर ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण तो त्यांचाच मुलगा. त्यानं देवाप्पाच्या हातगाडीचा आधार घेतला, हातगाडी कलंडली आणि सगळी वाळू वाफ्याच्या कडेला पसरली. यल्लव्वा रस्त्यापलीकडून विचारत होती, आता कोण गेलं?

देवाप्पा पायावरची वाळू झटकत उभा राहिला. त्याचं म्हणणं रास्त होतं. वाळू आणली, दिवस मोडला, आता सिमेंट घालू कुठे? मी एरवी अशा वेळी आत जातो. त्या दिवशी का कोण जाणे, भिंतीवरून म्हणालो, "माझं अंगण आहे की. त्यात मी आणि आरामखुर्ची, दुसरं काय आहे?"

देवाप्पानं संध्याकाळपर्यंत माझं फाटक रुंद केलं. सिमेंट वाळल्यावर मारुती आत आली तेव्हा अंबूबाईंनी तिच्या टपावर एक जांभळी जुडी ठेवली. किरण रोज सकाळी गाडी काढायला येतो, काका म्हणून हाक मारतो, जाताना मला पेपर सुलटा धरून देतो. ब्रोकोली आता दरवर्षी असते. मधला शेंडा अंबूबाई सगळ्यात आधी खुडतात आणि म्हणतात, श्रीधररावांना हे पटलं नसतं.

एकच गोष्ट त्या दिवशी घाईत सांगायची राहिली. माझ्या अंगणात आरामखुर्चीखेरीज एक नारळाचं झाडही आहे, आणि ते वरून सिमेंटकडे कललेलं आहे. पहिला नारळ फाल्गुनात पडला. टपाला चांगला वाटीएवढा खळगा पडला. आवाज ऐकून सगळे धावत आले. किरण खळग्याकडे बघत होता आणि अंबूबाई भिंत धरून उभ्या होत्या.

"अण्णा," थोडा श्वास मिळाल्यावर त्या म्हणाल्या, "तो नारळ इकडे द्या. पिल्लांच्या भाजीला आज खोबरं नव्हतं."