पारव्याच्या मानेचा रंग

माझी आत्या आठवडाभर शिंप्याच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायची आणि सुटीच्या दिवशी जुन्या बाजारातून काचेच्या फुलदाण्या आणायची. काठावरून नख फिरवून टवका उडालेला नाही ना हे बघायची, मगच घ्यायची. त्यांतली एक हिरवी तिचा जीव की प्राण होती. वर्षानुवर्षांत तिच्या काचेवर सायीसारखा थर धरला होता आणि उन्हात त्यावर पारव्याच्या मानेचे रंग हलायचे.

एकदा आत्या कामावर असताना आईने ती घासणीने खसाखसा घासली.

"बघा वन्सं, कशी लख्ख निघाली! केवढं किटण होतं."

आत्याने फुलदाणी उन्हात धरली. नुसती हिरवी काच.

"वहिनी, तुम्हाला डोळे आहेत की बटणं?"

"घ्या! भलेपणाचे दिवसच नाहीत."

"तुम्हालाच ठेवा ही. माझ्या नजरेसमोर नको."

"खरंच?" आईचा चेहरा खुलला. तिने लगेच तीत उलथनी आणि पळ्या उभ्या केल्या.

त्यानंतर आत्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मरेपर्यंत ती मोरीच्या नळाचं पाणी प्यायली.