पाच स्पीकर आणि दारापाशी बसणारा भगवान

बेलवलीत ‘भगवान फिटर’ म्हटलं की कुणीही घर दाखवायचं. माणूस मोठा हुन्नरी! नळ म्हणा, मिक्सर म्हणा, बिघडलेली वस्तू दिसली की याचे हात शिवशिवलेच. अंबरनाथच्या कारखान्यातनं रिटायर झाला, पण पाना काही खाली ठेवला नाही. एकच गोष्ट त्याला जन्मात जमली नाही, ती म्हणजे गळ्यातनं सूर काढणं.

त्यांच्या घरी रोज संध्याकाळी सातला बुद्धवंदना व्हायची. भगवानची आई वेणूबाई पुढे बसून एकेक ओळ म्हणायची आणि बायको गयाबाई, मुलगा राजरत्न, मुलगी प्रीती तीच ओळ मागून म्हणायची. भगवान सगळ्यांच्या मागे, दारापाशी बसून नुसते ओठ हलवायचा. लहानपणी विहारात त्याच्या आवाजाला पोरं फिदीफिदी हसली होती. तेव्हापासून तोंडाला कुलूप.

मग प्रीती सासरी गेली, राजरत्न नोकरीला पुण्याला गेला, आणि २००६च्या उन्हाळ्यात वेणूबाई गेली. काही दिवस गयाबाईने एकटीने वंदना म्हटली. ओळ म्हणायची आणि थांबायची. मागून काहीच यायचं नाही. मग एके दिवशी तिने मेणबत्ती लावली, हात जोडले आणि न म्हणताच उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. ती रडली असती तर सोसलं असतं हो, पण हे गप्प राहणं भगवानला सोसवेना.

काहीही करून गयाबाईला पुन्हा वंदनेला बसवायचं, एवढंच त्याने मनात घेतलं. एका जुन्या कॅसेटवर सगळ्या घराची वंदना त्याने टू-इन-वन टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्यासकट घरातल्या सव्वाशे कॅसेटी त्याने राजरत्नच्या कम्प्युटरवर उतरवल्या होत्या आणि मग गोणी भरून मोठ्या ऐटीत भंगारवाल्याला देऊन टाकल्या होत्या. आता तो उल्हासनगरला जाऊन होम थिएटर घेऊन आला. दुकानातला सिंधी शेठ म्हणाला होता, “साईं, पाँच कोने, पाँच आवाज. लगेगा सब घर में बैठे हैं.” त्या एका वाक्यावर आपला भगवान खूश!

दोन दिवस नुसतं ड्रिल चाललं होतं. आईच्या जागी मधला स्पीकर, डावीकडे राजरत्नचा, उजवीकडे प्रीतीचा, मागे दोन. वायरी पट्टीत बसवल्या, स्पीकर सुतळी लावून एका उंचीवर आणले. आणि वंदना लावली, तर काय? सगळं घर मधल्या एकाच डब्यात कोंबलेलं. बाकीचे चारही मुके.

वायरी चार वेळा तपासून त्याने राजरत्नला फोन लावला.

“पप्पा, कॅसेट उतरवताना मोनो केलं होतं का?”

“मग काय! निम्म्या जागेत बसतं. फुकट जागा कशाला खायची?”

“अहो पप्पा, डावा-उजवा आवाज एकात मिसळला की परत वेगळा होत नाही. मूळ कॅसेटवरून पुन्हा उतरवा.”

भगवानला ती गोणी आठवली आणि त्याचा चेहरा पडला. शेवटी राजरत्नने रिमोटवरचं एक बटण सांगितलं. त्याने पाचही स्पीकर वाजतील, पण सगळीकडून तेच.

सातला गयाबाई मेणबत्ती लावायला आली. भगवानने बटण दाबलं. पाचही स्पीकरमधून वेणूबाईचा खणखणीत आवाज आला.

गयाबाई दचकली, मग तोंडाला पदर लावून हसत सुटली. “अगं बाई! पाच-पाच सासवा! मला एक झेपत नव्हती!” हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“मीच माती खाल्ली गं,” भगवान म्हणाला. “प्रत्येकाचा आवाज त्याच्या त्याच्या जागेवरून आणायचा होता तुझ्यासाठी. कॅसेटच भंगारात घातली.”

ती कान देऊन ऐकत होती. राजरत्नचा चिरका आवाज, प्रीतीचा बोबडा, स्वतःचा तरुण. “यात तुम्ही कुठे?”

“मी बटण दाबत होतो ना.”

“बटण तोंडाने दाबतात का हो?”

तिने रिमोट घेतला आणि सगळं बंद केलं. “आई गेल्या, पोरं लांब गेली, ते मी समजून घेतलं. पण जिवंत माणूस घरात असून मी भिंतीला वंदना ऐकवत होते.” मग ती सासूच्या जागी बसली आणि पहिली ओळ म्हणून थांबली.

भगवान दारापाशी बसला होता. आधी नुसते ओठ हलले. मग आला एकदाचा आवाज, पत्र्यावर कानस घासावी तसा! गयाबाईचे खांदे हलले. ही पण हसली, असं वाटून तो गप्प झाला.

“थांबू नका,” ती मागे न बघता म्हणाली. आवाज रडवेला होता.

मग तो थांबला नाही. शेवटच्या तिन्ही ‘साधु’पर्यंत दोघांनी वंदना पुरी केली.

“आता कॅसेट आणू का नवी?” भगवानने डोळे पुसत विचारलं. “नीट भरून ठेवू.”

“कशाला?” गयाबाई म्हणाली. “उद्या परत म्हणायचंच आहे ना.”