फोन होडीवर, मुलगी वर्गात

अन्याय झाला तो माझ्या चुलत बहिणीवर. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, मधल्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत, नववीच्या वर्गात, भिंतीवरच्या भल्यामोठ्या डिजिटल फळ्यावर तिचं नाव लाल झालं आणि नावापुढे ‘संशयास्पद’ असा शब्द आला. सगळ्या वर्गाने तो वाचला. कोण आणि केव्हा ते मी आधीच लिहून टाकते, कारण ज्यांनी हे केलं ते आता ‘कधीतरी काहीतरी झालं होतं खरं’ असं म्हणायला लागलेत.

फळा जूनमध्ये आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि पाणी उडून काच खराब होईल म्हणून फोडलेला नारळ शिपाईकाकांनी हातभर लांब धरला. मी त्या दिवशी शाळेत होते. मी गावातल्या पोरापोरींना घेऊन पाणी, रेशन, जमिनी असल्या प्रश्नांवर पत्रकं काढते, त्यामुळे अशा समारंभांना मला बोलावतात आणि मागच्या रांगेत बसवतात. एक सर नुकतंच प्रशिक्षण घेऊन आले होते. तरुण, उत्साही, माणूस वाईट नाही. ते म्हणाले, ‘‘ही पोरं डिजिटल जगात जन्मलेली आहेत. यांना खडूने शिकवून चालणार नाही. त्यांच्या भाषेत शिकवू.’’

त्यांची भाषा म्हणजे एक अ‍ॅप. रोज त्यात पाच-सहा प्रश्न यायचे. घरी फोनवर सोडवायचे. रोज सोडवले की साखळी वाढते, एक दिवस चुकला की तुटते. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर सगळ्यांची नावं साखळीच्या लांबीप्रमाणे वरपासून खालपर्यंत. हिरवी वर, पिवळी मध्ये, लाल तळाला.

जून-जुलैत आमच्या वाडीतली पोरं वरच होती. माझी बहीण पहिली. सर पालकसभेत म्हणाले, ‘‘बघा, मच्छीमारांची मुलं कशी पुढे आहेत.’’ टाळ्या पडल्या. तिचे बाबा, म्हणजे माझे काका, तेही टाळ्या वाजवत होते. सभेतल्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही की त्या दोन महिन्यांत मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, बापमंडळी ओट्यावर बसून जाळी शिवतायत, आणि म्हणून घरातला फोन घरात आहे.

आमच्या घरांत फोन एकच असतो. म्हणजे चालणारा. तो बापाचा नसतो, आईचा नसतो, पोरीचा तर नसतोच नसतो. तो होडीचा असतो. वारा कधी फिरणार, कुणाला मासळी कुठे लागली, बंदरावर व्यापारी आज आलाय की नाही, सगळं त्याच्यावर कळतं. काकांची होडी लहान. माणसं तीन, फोन एक. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून काका तो छातीशी बांधतात.

नारळी पौर्णिमा झाली. होडी गेली. फोन गेला.

पहिल्याच फेरीआधी बहीण काकांना म्हणाली, ‘‘बाबा, एक काम कराल? रोज रेंज आली की हे नुसतं उघडायचं, तेवढ्यानेही चालतं. नाहीतर माझी साखळी तुटेल.’’

‘‘तुटली तर?’’

‘‘खाली जाईन.’’

‘‘कुठे खाली?’’

‘‘फळ्यावर.’’

काका सातवीपर्यंत शिकलेत. त्यांनी ते ऐकलं आणि आपल्या पद्धतीने समजून घेतलं. आमच्याकडे होडीवरचा एखादा खलाशी आजारी पडला तर त्याच्या घरून दुसरा कुणीतरी जातो. भाऊ जातो, मेव्हणा जातो, एकदा तर एकाचा सासरा गेला होता आणि दिवसभर उलट्या करून आला. पण जातो. माणूस बदलला तरी जागा त्या घराचीच राहते, वाटा त्या घराचाच राहतो. याला आमच्याकडे कुणी लबाडी म्हणत नाही. न पाठवणाऱ्याला मात्र नावं ठेवतात.

तेव्हा काकांनी नुसतं उघडलं नाही. पोरीची जागा रिकामी राहू नये म्हणून ते प्रश्न सोडवायला बसले.

ती गोष्ट त्यांनी मला नंतर सांगितली. तेव्हा हसू आवरलं नव्हतं. जाळं टाकून झालं की तिघं फोनभोवती बसायचे. एकदा प्रश्न आला, पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे राहणारा प्राणी कोणता. पर्याय चार : बेडूक, पापलेट, पाल, कबूतर.

होडी हाकणारा तांडेल म्हणाला, ‘‘निवटी कुठे आहे?’’

काका म्हणाले, ‘‘निवटी दिलीच नाही.’’

‘‘दिली नाही म्हणजे? चिखलात नाचते ती काय मग? चुकलाय प्रश्न. दाबू नको.’’

‘‘अरे वेळ जातोय!’’

‘‘जाऊ दे. चुकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही.’’

तिसऱ्याने घाईत मध्ये बोट घातलं आणि कबूतर दाबलं गेलं. त्यावर तांडेल त्याला दिवसभर ‘काय कबूतर’ म्हणून चिडवत होता. उत्तरं बहुतेक चुकीचीच जायची. तरी साखळी वाढत होती. त्या अ‍ॅपला बरोबर-चूक याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, रोज येण्याशी होतं. हेसुद्धा लिहून ठेवा.

पकडलं कसं? शाळेची हजेरीही फोनवर. सरांच्या. सोमवारी दुपारी बहीण वर्गात हजर आणि त्याच वेळी तिच्या नावाने प्रश्न सुटतायत. यंत्राने दोन्ही जुळवून पाहिलं आणि लाल दिवा लावला. सरांना तिला बाजूला बोलावून विचारता आलं असतं. त्यांनी फळ्यासमोरच विचारलं.

‘‘तू इथे बसलीयेस. मग तुझी उत्तरं येतायत कुठून?’’

बहीण उभी राहिली. खोटं बोलायचं तिला सुचलं नाही. म्हणाली, ‘‘समुद्रातून, सर.’’

वर्ग हशाने फुटला. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘पापलेट सोडवतंय वाटतं!’’ सरही हसले. आणि मग हसता हसता त्यांच्या लक्षात आलं असावं की असल्या लाल नावांचा हिशेब वरच्या ऑफिसातही दिसतो, आणि त्यावर त्यांना कुणीतरी विचारणार आहे. चेहरा बदलला. म्हणाले, ‘‘ही फसवणूक आहे. उद्या वडिलांना घेऊन ये.’’

काका दोन दिवसांनी बंदरावर उतरले ते सरळ शाळेत. सोबत मी गेले. अंगावर मिठाचे डाग, हातात पिशवीत ताजे बोंबील. कुणी बोलावलं तर त्याच्या दारी आमच्यात रिकाम्या हाताने जात नाहीत. सरांनी पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘हे असलं इथे चालत नाही.’’ लाच समजले. काकांनी पिशवी दाराबाहेर ठेवली. बोलणं संपेपर्यंत मांजराने तिचा निकाल लावला होता.

मोठ्या बाई खुर्चीत, सर उभे. सर म्हणाले, ‘‘तुम्ही मुलीच्या नावाने उत्तरं दिलीत. मान्य आहे?’’

‘‘दिली ना. रोज दिली. एक दिवस चुकवला नाही.’’

काकांना वाटलं होतं, कौतुक होणार.

‘‘अहो, ते तिने करायचं असतं!’’

‘‘ती शाळेत होती ना. फोन माझ्याकडे. मग कोण करणार? मी काय बाहेरचा आहे का?’’

मोठ्या बाई मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही समजावा यांना.’’

मी म्हटलं, ‘‘समजावते. पण आधी तुम्ही मला समजावा. ज्या घरातला फोन समुद्रावर असतो, त्या घरातल्या मुलीने गृहपाठ कशावर करायचा?’’

बाई म्हणाल्या, ‘‘आजकाल सगळ्यांकडे फोन असतात.’’ आणि टेबलावरचा आपला फोन उलटा करून ठेवला.

हो, उत्तरं तिची नव्हती. हे मी झाकत नाही. सरांनी ती उत्तरं पुसून पुन्हा पाच प्रश्न तिला तोंडी विचारले असते तर मी एक शब्द बोलले नसते. ते त्यांनी केलं नाही. तिचं नाव तळाला राहिलं, शब्द नावापुढे राहिला. रोज सकाळी फळा सुरू झाला की तो पुन्हा यायचा. आम्ही काढायला सांगितलं. सर म्हणाले, ‘‘माझ्या हातात नाही. सिस्टिम काढू देत नाही.’’

घरी आल्यावर काकांनी आधी अंगावरचं मीठ धुतलं. मग फोन बहिणीच्या हातात देऊन म्हणाले, ‘‘हा आता तुझ्याकडे. तू कर तुझं. आम्ही पूर्वी फोनवर जायचो काय?’’ लाज घरभर बसली होती.

चार-पाच दिवस तसे गेले. मग एका दुपारी वारा फिरला. शाळा सुटून बहीण घरी आली तेव्हा फोन वाजत होता. मच्छीमारांच्या ग्रुपवर एकामागून एक निरोप. ‘सगळ्यांनी मागे फिरा.’ ‘आत कोण कोण आहे?’ ‘ज्याला दिसतंय त्याने आवाज द्या.’ ते निरोप काकांसाठी होते आणि तिच्या हातात येत होते. ती मला बोलवायला धावत आली. आम्ही दोघी किनाऱ्यावर उभ्या. होड्या एकेक करून खाडीत शिरत होत्या, त्यांत काकांची नव्हती. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. तिने धसकून पाहिलं.

‘आजची साखळी बाकी आहे! चला, सोडवूया!’ शेजारी हसऱ्या चेहऱ्याचं चित्र.

काका आले. बाकीच्या होड्या वळताना पाहून तांडेलाने अंदाजाने वळवली होती. इंजिनात पाणी गेलेलं, तिघं चिंब, बाकी काही नाही. काही झालं असतं तरच तुम्हाला ही गोष्ट मोठी वाटणार असेल, तर इथे वाचणं थांबवा.

बहिणीने काकांना टॉवेल दिला. मग फोन प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला आणि त्यांच्या छातीशी स्वतः बांधून दिला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही.

‘‘शाळा काय करील आता?’’ मी विचारलं.

‘‘लाल करील. आहेच की.’’

त्यानंतर तलासरीत शिक्षकांचं शिबिर झालं. तेच अ‍ॅप, तोच मोठा पडदा. आमचा गट तिकडच्या पाड्यांवर काम करतो म्हणून मला दहा मिनिटं दिली होती. मुंबईहून आलेले गृहस्थ आधी बोलले. शर्ट चांगला होता. म्हणाले, ‘‘या पिढीच्या हातात मोबाईल जन्मतःच असतो.’’

मी उभी राहिले. ‘‘कुणाचा?’’

‘‘सॉरी?’’

‘‘मोबाईल कुणाचा असतो? बापाचा, होडीचा, की पोरीचा?’’

मग मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, ‘‘ताई, वाईट वाटलं. पण एका उदाहरणावरून आपण अख्खी व्यवस्था चूक म्हणू शकत नाही.’’

झरीकडचे एक गुरुजी मागे बसले होते. हात वर न करताच म्हणाले, ‘‘दुसरं पण घ्या मग. आमच्याकडे टेकडीवर चढलं तर रेंज. एक फोन, सहा पोरं, सगळी डोकी एकत्र. तुमचं अ‍ॅप म्हणतं, एक पोरगा लई हुशार आणि पाच आळशी. मी सांगतो, सहाच्या सहा टेकडी चढून येतात. त्याचा रंग कुठला?’’

सगळे हसले. गृहस्थही हसले, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा आला म्हणाले. चहाबरोबर समोसे होते.

आज बहीण काकींबरोबर आशागडच्या बाजाराला मासळी घेऊन बसते. शाळेने दोनदा निरोप पाठवला, ‘‘पाठवा, बसू देऊ.’’ बसू देऊ! जणू तिने काही मागितलंय. मी तिला पुष्कळ समजावलं. ती कोळंबी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, ‘‘ताई, मी येते. उद्या येते. फक्त सरांनी त्याच फळ्यावर, त्याच वर्गापुढे तो शब्द काढायचा आणि म्हणायचं की माझ्या बाबांनी फसवलं नाही. बास.’’ तिची अट एवढीच आहे. नवीन वर्ष सुरू झालंय, तिचा वर्ग दहावीत गेलाय, शब्द अजून काढलेला नाही.

माझा फळ्यावर राग नाही. तोच फळा होडीच्या मार्गाचा नकाशा दाखवू शकला असता, वाऱ्याचा इशारा कसा वाचायचा ते शिकवू शकला असता, आणि फोन नसलेल्या मुलीला शाळेतच, शाळेच्या यंत्रावर, शाळेच्या वेळेत प्रश्न सोडवू देऊ शकला असता. त्याला नावं लाल करायला लावलं ते माणसांनी. माणसं ते काढूही शकतात.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही डहाणूचे असा नाहीतर कुठलेही, तुमच्या गावच्या शाळेतही असा पडदा लागला असेल. येत्या पालकसभेत उभे राहा. टाळ्या वाजवू नका. विचारा, घरी फोन कुणाचा आहे आणि तो दुपारी कुठे असतो. ते उत्तर मिळेपर्यंत एकाही मुलाचं नाव त्या पडद्यावर लावू देऊ नका. आणि जे डहाणूचे आहेत, ज्यांची पोरं त्या वर्गात हसली, त्यांनी सोमवारी सकाळी, फळा सुरू व्हायच्या आधी, माझ्याबरोबर शाळेत यायचं. तो शब्द आपल्या डोळ्यांदेखत पुसून घ्यायचा, आणि तिच्या बाबांनी फसवलं नाही हे सरांकडून वर्गापुढे वदवून घ्यायचं. मग आपण सगळे मिळून आशागडला जाऊ आणि तिला घेऊन येऊ.