‘नुकताच’ पार पडलेला विवाह

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न ठरल्या तारखेच्या वीस दिवस आधीच झालं. ते मी लावलं, आणि तेही टपालाने.

गोंडपिपरीकडच्या आमच्या मासेमारी करणाऱ्या घरात मी पहिला बी.ए. छापलेल्या शब्दावर माझी इतकी श्रद्धा, की नागपूरहून येणाऱ्या साप्ताहिकाचे जुने अंकही मी पेटीत जपून ठेवी. त्यांतली प्रत्येक बातमी ‘नुकताच’पासून सुरू होई. गावच्या तळ्यातला गाळ ‘नुकताच’ काढल्याचं आम्ही वाचलं, तेव्हा तिथे दुसरा गाळ साचला होता. मी पदवीधर झाल्याची बातमी ‘नुकतेच’ म्हणून आली, तीही महिन्याने. (तोवर गावाने माझं कौतुक करणं सोडूनही दिलं होतं.)

तेव्हा मी ठरवलं, सुमनच्या लग्नाची बातमी महिनाभर आधीच पाठवायची. म्हणजे निदान एकदा तरी ‘नुकताच’ खरा ठरेल! लिहिलं, ‘चि. सौ. कां. सुमन हिचा शुभविवाह नुकताच थाटात पार पडला. वधूच्या मामांनी तिला बोहल्यावर आणले.’

संपादकांकडे नेमकी जागा रिकामी असावी. पुढच्याच अंकात बातमी छापून आली. आमच्या गावात ती कोणी मनावर घेतली नाही, कारण नवरी रोज विहिरीवर दिसत होती. पण नदीपलीकडच्या मामांच्या गावात मास्तरांनी ती पारावर मोठ्याने वाचून दाखवली.

आठवडा उरला असताना आईने मामांकडे अक्षत धाडली. ती तशीच परत आली. आईने चूल सोडली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“मामाच्या हाताबिगर माही पोरगी बोहल्यावर नाई जात. तुह्या पेपरानं घालवला ना माहा भाऊ, तूच आण.”

मी सायकल डोंग्यात घालून नदी ओलांडली. लहानपणी मला खांद्यावर बसवून नाल्यापलीकडच्या शाळेत पोचवणारे हे मामा जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मामा, सुमनचं लग्न अजून व्हायचं आहे.”

“पेपरात झालं म्हणते.”

“ते मी आधीच लिहून पाठवलं होतं.”

“झालं नाई तं झालं काऊन लिवलं?”

“पेपरात तसंच लिहितात.”

“म्हणजे पेपर खोटं छापते?”

इथे मी अडकलो. छापलेलं कधी खोटं नसतं, हे मामांना मीच दहा वर्षं शिकवलं होतं.

“मले तारीख दिली पुढची,” मामा म्हणाले, “अन् लगन उरकून घेतलं मांगंच. बरं, मी तं इथी जाळं विनून राह्यलो. मंग पोरीले बोहल्यावर नेलं थो मामा कोन?”

“तुम्हीच.”

“मी इथी बसलो आहो ना बाप्पा!”

बी.ए.ला तर्कशास्त्र होतं, पण असा प्रश्न परीक्षेत आला नव्हता. शेवटी मी म्हणालो, “तो मामा लग्नाच्या दिवशी मांडवात येणार आहे. तुम्ही स्वतःच बघा.”

मामांनी जाळं खाली ठेवलं. “येतो. थ्याले पाहूनच घेतो.”

ते आले, काठी घेऊन. मांडवभर फिरून एकेकाचं तोंड निरखलं. दुसरा मामा सापडेना. तेवढ्यात भटजींनी हाक दिली, “वधूचे मामा कुठे आहेत?” आणि दुसरा कोणी उठायच्या आत मामांनी काठी माझ्या हातात कोंबून धाव घेतली. सुमनला बोहल्यावर आणलं, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

पुढे माझं लग्न झालं. पोळलो होतो, म्हणून बातमी पाठवलीच नाही. आता मला तीन मुलं आहेत. तरी मामा घरी आले, की माझ्या बायकोच्या हातचं जेवतात, पान लावतात आणि तिच्यादेखत आईला विचारतात, “बाई, याच्या लगनाचं काई जमून राह्यलं का नाई? पेपरात तं अजून काई आलं नाई.”