मिरची गल्लीतला घोटाळा

"आरोप म्हणजे गुन्हा नाय रे! आरोप म्हणजे... आक्छी!... नुसता आरोप!"

गुणाजी घाडी तोंडाला ओला रुमाल बांधून, एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताचं बोट बुधाजी रणपिसेच्या नाकासमोर नाचवत होता. समोर शिवाच्या कांडपाच्या मशीनचं लोखंडी मुसळ धाडधाड आपटत होतं. एप्रिल महिना, लालबागची मिरची गल्ली, अख्खी लाईन शिंकतेय, आणि ह्या दोघांना त्याचं काय पडलेलं नाय.

"आणि मग पोलीस काय तुझ्या दादाला हार घालायला येणारेत काय?" बुधाजी बोलला.

"येऊ दे. चहा पाजून परत पाठवतील दादा!"

आता कांडपाचा एक नियम आहे. लालबागमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतो. आपला मसाला मशीनमध्ये असला की नजर तिथून हलवायची नाय. जग बुडालं तरी चालेल. मिरच्या आपण निवडायच्या, उन्हात आपण वाळवायच्या, भाजायच्या आपण, आणि उखळासमोर स्टूल टाकून बसायचं पण आपणच. वर्षाचा मसाला असतो तो. तो बिघडला की वर्ष बिघडलं.

गुणाजीच्या बायकोने, मीराबाईने, निघताना त्याला दारात थांबवून सांगितलं होतं, "ह्या टायमाक मसाल्यार नजर ठेवल्यात नाय, तर वरीसभर ह्या घरात मासो शिजूचो नाय. समाजला?"

समजलं होतं. मीराबाई धमकी देत नाय, तारीख देते. आणि गुणाजी म्हणजे कुडाळकडचा माणूस. सोमवार-गुरुवार सोडला तर मासळीशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाय. उपासाच्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीकडे असा बघतो, जशी काय ती त्याच्याकडून व्याज मागतेय. मीराबाई स्वतःच गेली असती कांडपाला, पण गुडघ्याने दगा दिला. म्हणून गुणाजी.

गुणाजी तसा कामाचा माणूस. गिरणीत लागला, गिरणी बसली. मग एका हापिसात शिपाई झाला, रिटायर झाला. पण विचारलं काय करता, तर सांगणार, "दादांचा माणूस." दादा म्हणजे रघुवीरदादा, माजी नगरसेवक. कधीतरी चाळीच्या सत्यनारायणाला दादा आलेले आणि तीर्थ घेता घेता बोलले, "काय गुणाजी, बरा हायस ना?" बस. नावाने हाक मारली. त्या एका वाक्यावर हा माणूस आयुष्यभर भिंतीवर पोस्टर चिकटवतोय, आणि फुकट चिकटवतोय. खळ पण घरची.

बुधाजी शेजारच्या खोलीतला. दोघं एकाच गिरणीत, एकाच पाळीला होते. पोरं एकमेकांच्या घरात जेवून मोठी झाली. पण बुधाजी समोरच्या पार्टीच्या हितेंद्रशेठचा. शेठने एकदा जयंतीच्या मिरवणुकीला पाण्याचा टँकर वेळेवर पाठवला होता. वेळेवर! मुंबईत! बुधाजी तिथेच विकला गेला, कायमचा.

आणि ह्या वर्षी झालं काय, की दोघांचेही साहेब एकदमच गोत्यात. रघुवीरदादांनी म्हणे मुताऱ्या बांधल्या. कागदावर बांधल्या, कागदावर पाणी सोडलं, कागदावर उद्घाटन केलं. हितेंद्रशेठच्या माणसाने भटक्या कुत्र्यांची नसबंदी केली, ती पण कागदावर. दोघांवर चौकशी, दोघांचं आरोपपत्र "लवकरच".

मग काय, चाळीत रोज कोर्ट. बुधाजी नाक्यावरच्या मोकळ्या जागेत पाय फाकवून उभा राहायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "जरा बाजूने जा, मी दादांच्या मुतारीत उभा आहे." गुणाजीही कमी नाय. जिन्याखाली एक कुत्री व्यालेली, तिची नसबंदी झाल्याची सरकारी नोंद. गुणाजी पाहुण्यांना घेऊन जायचा आणि पिल्लं उचलून दाखवायचा. "हा पुरावा नंबर एक. हा पुरावा नंबर दोन. हा डोळे न उघडलेला, हा साक्षीदार."

तर त्या दिवशी दोघंही एकाच लाईनीत, पुढे-मागे. गुणाजीचा मालवणी मसाला उखळात पडलेला. बेडगी, धणे, बडीशेप, खसखस, सगळं मीराबाईच्या हातचं भाजलेलं. बुधाजीचा डबा स्टुलाजवळ ठेवलेला. त्यात त्याच्या सुनेने, दीपिकाने, कराडकडच्या पद्धतीने केलेला मसाला. तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ. तेलाने नुसता चमकत होता.

आणि नेमकी तेव्हाच बुधाजीच्या मोबाईलवर बातमी आली. दादांना आज-उद्या अटक.

"बघ," बुधाजी बोलला, "खाल्लं तर खाल्लं, मुतारीतसुद्धा खाल्लं! चव तरी बघायची!"

लाईनीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. गुणाजीचं डोकं आऊट. उखळाकडे पाठ केली आणि सुरू झाला.

"आणि तुझा शेठ? तुझा शेठ काय करत होता? सांगू? कुत्र्यांच्या नावावर आलेलं सगळं..." त्याने इकडे तिकडे बघितलं. दाखवायला काहीतरी पाहिजे होतं. हाताला लागला तो डबा उचलला. "हे असं उचललं... आणि हे असं... अस्सं! स्वतःच्या घरात ओतलं!"

आणि ओतला. अख्खा डबा. मागे वळून, उखळात.

मुसळ एकदा आपटलं, दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आवाज बदलला. धाडधाडचं पचपच झालं. शिवाने झेप घेऊन बटन बंद केलं. गल्लीत शिंकायचे पण थांबले लोक.

"काका," शिवा बोलला, "हा काय मसाला आहे की चिखल?"

बुधाजी डब्याकडे बघतोय. डब्याच्या बुडाला एक तीळ चिकटलेला.

"गुण्या," तो हळूच बोलला, "तो माझा होता."

आता इथे साधा माणूस काय करेल? चुकलो म्हणेल. पण गुणाजी इतकी वर्षं दादांची भाषणं ऐकत आलाय. तोंड उघडलं आणि आतून दादाच बाहेर आले.

"हे माझ्याविरुद्ध षड्यंत्र आहे."

"अरे डबा तुझ्या हातात आहे अजून!"

"हातात आहे, पण तो कोणी दिला, ह्याची चौकशी झाली पाहिजे."

"अख्ख्या लाईनीने बघितलंय, काका," मागची एक बाई बोलली.

"साक्षीदार फितवलेत!"

"मला कोण फितवणार? माझा अजून नंबर पण नाय आला!"

"मी चौकशीला पूर्ण सहकार्य करीन," गुणाजी बोलला, आणि रुमालाखालीच एक जोरदार शिंक दिली. डोळ्यांतून पाणी. मिरचीचं की कशाचं, कोणाला कळणार.

शिवाने सांगितलं, आता हे वेगळं करायला देव आला तरी हात जोडून परत जाईल. मग त्याने तेच कुटलं, चाळलं, आणि दोघांच्या डब्यांत निम्मं निम्मं भरलं. रंग असा, की लाल म्हणावा तर लाल नाय आणि काळा म्हणावा तर लाजतोय. मध्ये मध्ये कांद्याच्या गाठी.

परतीच्या वाटेवर गुणाजीचा सगळा जोर उतरला. डोळ्यांसमोर पापलेट, सुरमई, बांगडा, सगळे एका लाईनीत हात हलवत चाललेले. आता वर्षभर डाळ. भात. वांगं. वांग्याच्या आठवणीने तो रस्त्यात थांबला.

"बुध्या, मीराला काय सांगायचं?"

"मला काय विचारतोस? तुझ्या दादाला विचार. त्याच्याकडे वकील आहेत."

चाळीच्या गेटवर आल्यावर गुणाजीने छातीवर हात ठेवला. "बुध्या, माझ्या छातीत दुखायला लागलंय."

"अटक जवळ आली की सगळ्यांच्याच दुखतं," बुधाजी बोलला. "दे तो डबा इकडे." आणि दोन्ही डबे दोन बगलेत मारून जिना चढायला लागला.

गुणाजी समोर शंतनुच्या सलूनमध्ये जाऊन खुर्चीत पडला. शंतनुने विचारलं, केस की दाढी. तो बोलला, "आसरा."

"गेला तो बुध्या," तो आरशातल्या स्वतःलाच सांगत होता. "माफीचा साक्षीदार व्हायला गेला. सगळं ओकणार. शेठच्या पार्टीची माणसं अशीच. तीस वर्षं मीठ खाल्लं एकमेकांचं, आणि एका मसाल्यासाठी..."

"काका, सरेंडर व्हा," शंतनु फेस लावता लावता बोलला. "स्वतःहून गेलात तर शिक्षा कमी होते. टीव्हीवर सांगतात."

"मी मीराला सांगणार, माझा न्यायदेवतेवर पूर्ण विश्वास आहे."

"काकी तुम्हाला लाटणं मारतील."

दाढी झाली. चंपी झाली. परत एकदा दाढी करशील का, असं पण विचारून झालं. शेवटी शंतनुनेच त्याला उठवला. गुणाजी एकेक पायरी अशी चढला, जशी वर फाशीच आहे. दार उघडंच. आतून चर्र आवाज येत होता.

मीराबाईने वळून बघितलं. वरपासून खालपर्यंत. गुणाजीने तोंड उघडलं, "मीरा, मी पूर्ण सहकार्य..."

"हात धुवा," ती बोलली.

ताटात तळलेला बांगडा. बाजूला माशाचं तिखलं, तांदळाची भाकरी, सोलकढी. गुणाजी बसला, पण घास उचलेना. फाशीच्या आधी आवडीचं जेवण देतात, हे त्याला माहीत होतं. मीराबाईने ताटाकडे बोट केलं. त्याने खाल्लं. तिखल्यात लसणाची चव जरा वेगळीच लागली. वाईट नाय. उलट बोटं चाटली त्याने.

मीराबाई एवढंच बोलली, "माणसान दोस्त बघून करूचो."

गुणाजीला वाटलं, दादांबद्दल बोलतेय. मान खाली घालून दुसरा बांगडा घेतला.

दुसऱ्या दिवशी पण शिक्षा नाय. रविवारी सुरमई. त्याच्या पुढच्या बुधवारी कोलंबी. मग गुणाजीची छाती परत फुगली. नाक्यावर उभा राहून सांगायला लागला, "क्लीन चिट! घरातून क्लीन चिट! ह्याला म्हणतात प्रतिमा. सत्याचा विजय होतोच!" बुधाजीला मुद्दाम ऐकवायचा, "बघितलंस? तू गेलास सगळं सांगायला, पण बाईने विश्वास नाय ठेवला तुझ्यावर. तुमच्या पार्टीवर कोणाचाच नाय."

बुधाजी कान खाजवायचा. "हो बाबा, तुझाच विजय," म्हणायचा, आणि लगेच, "पण मुतारी कुठाय?"

की परत सुरू. पुरावा नंबर दोन एव्हाना मोठा झालेला, तो दोघांवर भुंकायचा. दादांचं आरोपपत्र अजून "लवकरच" आहे. शेठचं पण. एक मात्र खरं, मीराबाई बुधाजीशी बरेच दिवस तुसड्यासारखी वागली. गॅलरीत दिसला की तोंड फिरवायची. सगळ्यांना वाटलं, पार्टीवरून असेल.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आलेली दीपिका बोलता बोलता बोलून गेली, तेव्हा कळलं. त्या दिवशी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तिने सगळं ऐकलेलं. बुधाजीने दोन्ही डबे मीराबाईच्या उंबऱ्यात ठेवले आणि बोलला, "वहिनी, गुण्याची काही चूक नाय. डबा मी ओतला." मीराबाईला पटेना. ती बोलली, "खावा तुमच्या शेठची शपथ." आणि बुधाजीने, ज्याने शेठविरुद्ध सख्ख्या भावाचा एक शब्द कधी ऐकून घेतला नाय त्याने, गळ्याला चिमटा घेतला आणि हितेंद्रशेठची शपथ खाल्ली.